टाकीतून कुंडीत: सेंद्रिय मातीतही पानं का करपतात?

गच्चीवर हायड्रोपोनिक्स करणारे, म्हणजे मातीऐवजी टाकीतल्या खताच्या पाण्यात रोपं वाढवणारे बरेच जण दोन-तीन हंगामांनंतर मातीकडे वळतात. कुणाला ए-बी द्रावणांचा (टाकीत घालायच्या तयार खतांच्या जोडीचा) खर्च नको होतो, कुणाची रोपं वीज गेल्यावर पंप बंद पडून मान टाकतात, कुणाच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात तापून मुळं कुजतात. शेणखतावर वाढलेली भाजी खावी अशी साधी इच्छाही असते. मग कुंडी भरताना हात सैल सुटतो. अर्धं गांडूळ खत, दोन-तीन मुठी निंबोळी पेंड, वरून थोडं कोंबडी खत. सेंद्रियच तर आहे, जास्त झालं म्हणून काय बिघडणार, असा विचार असतो.

पहिले पंधरा दिवस रोप खुशीत दिसतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पानं नको तितकी गडद होतात, खालच्या बाजूला वळतात आणि त्यांची टोकं तपकिरी पडून वाळायला लागतात. हा खताचा चटका आहे. तो सेंद्रिय खतानेही बसतो, आणि मातीत तो उशिरा बसत असल्यामुळे त्याचा दोष भलत्याच गोष्टीवर जातो: उन्हावर, किडीवर, कधी तर खत कमी पडल्यावर.

नत्र (नायट्रोजन) शेणातून आलं की कारखान्यातून, हे मुळाला कळत नाही. नुसत्या पाण्यात ठरावीक क्षार विरघळवून झाड पूर्ण वाढवता येतं, हे सॅक्स आणि नॉप या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं. आजचं हायड्रोपोनिक्स त्याच प्रयोगांवर उभं आहे. मातीतही झाड नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम याच रूपांत. त्यामुळे चटक्याच्या बाबतीत प्रश्न एवढाच उरतो की मुळाभोवतीच्या पाण्यात एका वेळी किती क्षार विरघळलेले आहेत.

क्षार जितके जास्त, तितकं ते पाणी मुळाला ओढायला जड जातं. हायड्रोपोनिक्सवाल्यांना ओळखीच्या ईसीच्या भाषेत सांगायचं (ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते यावरून काढलेलं क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), तर ईसी दर १ ने वाढली की साधारण ०.३६ बार (बार हे दाबाचं एकक) एवढा जादा ताण मुळावर येतो. ईसी ४ वर गेली की जवळजवळ दीड बार. कुंडी ओली असूनही झाड तहानलेलं राहतं ते यामुळे. जे पाणी कसंबसं वर चढतं, ते पानातून वाफ होऊन उडून जातं आणि सोबत आलेले क्षार मागेच राहतात. पाण्याच्या वाहिन्या जिथे संपतात तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला आणि कडांना, ते साठत जातात. म्हणून करपण्याची सुरुवात नेहमी टोकापासून होते. पहाटे टोमॅटोच्या पानाच्या दातेरी कडेवर बारीक थेंब ओळीने बसलेले दिसतात. ते दरवेळी दवच असतं असं नाही. रात्री मुळांच्या दाबाने पानातूनच ढकललेलं पाणीही तसंच दिसतं. खत जास्त झालेल्या झाडाचे हे थेंब वाळले की जागोजाग पांढरे ठिपके उरतात. भिंग घेऊन पाहिलं तर करपण्याच्या आधीच ही खूण सापडू शकते.

कुठलं पीक किती क्षार सोसतं, याचा मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेला तक्ता आजही वापरात आहे. माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची ईसी त्यात धरली आहे. घेवडा, गाजर आणि स्ट्रॉबेरी १ च्या पुढे कुरकुरतात, लेट्यूस १.३ ला, मिरची १.५ ला, पालक २ ला. टोमॅटो मात्र २.५ पर्यंत तग धरतो. पण कुंडीतलं पाणी सतत कमी होत असतं. पुरत्या भिजलेल्या मातीतले क्षार वाफशाला (जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर उरते त्या स्थितीला) येईपर्यंत साधारण दुप्पट दाट होतात, आणि कुंडी सुकत गेली की त्याहूनही जास्त. टाकीत पाणी उतरलं की आपण लगेच भर घालतो. मातीत ही वाढ डोळ्यांना दिसत नाही.

टाकीपेक्षा माती इतकी वेगळी का वागते, याचं मूळ नत्राच्या साठ्यात आहे. टाकीतलं खत म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, तर सेंद्रिय खत म्हणजे कोठीतलं धान्य. पेंडीतलं नत्र प्रथिनांच्या रूपात असतं आणि झाडाला ते तसंच्या तसं फारसं घेता येत नाही. आधी सूक्ष्मजीव त्याचं अमोनियम करतात. मग जिवाणूंचा एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. हे काम जिवाणूंचंच आहे, हे विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सिद्ध केलं. हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्याने भरलेल्या कुंडीत त्यांची संख्या जमायलाच काही आठवडे जातात. सुरुवातीचे ते शांत पंधरा दिवस इथून येतात.

आता जरा हिशोब करू. पाव किलोच्या एका लेट्यूसला आयुष्यभरात साधारण अर्धा ग्रॅम नत्र पुरतं. निंबोळी पेंडीत ४ ते ५ टक्के नत्र असतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या एका मुठीत दोन ग्रॅमच्या वर. एकट्या मुठीतच चार लेट्यूसचं नत्र झालं! गांडूळ खतात कोरड्या वजनाच्या दीड-दोन टक्के नत्र असतं आणि पहिल्या हंगामात त्यातला लहानसा हिस्साच मोकळा होतो, म्हणून ते त्या मानाने सौम्य. तीन किलो फळं देणाऱ्या टोमॅटोला आठ-नऊ ग्रॅम नत्र लागतं. त्याच्या कुंडीत ती मूठ खपून जाते. तेव्हा 'दर कुंडीला दोन मुठी' असा सरसकट सल्ला कुणी दिला, तर आधी विचारावं: कुठल्या पिकाच्या कुंडीला?

त्यात उष्णतेची भर पडते. तापमान १० अंशांनी वाढलं की सूक्ष्मजीवांचं काम साधारण दुपटीने चालतं. डिसेंबरात पुण्याच्या गच्चीवर थंड पडलेल्या कुंडीत हीच पेंड हळूहळू झिरपते आणि रोप भुकेलं वाटतं. त्यावर आणखी एक मूठ टाकली जाते. मार्चमध्ये काळी प्लास्टिकची कुंडी तापायला लागते, जुनी आणि नवी अशा दोन्ही मुठी एकदम मोकळ्या होतात, आणि त्याच वेळी पाणीही झपाट्याने उडत असतं. थंडीत भूक आणि उन्हाळ्यात चटका, दोन्ही एकाच खतामुळे! खत कमी दिसलं तरी थंडीत हात आवरावा असं मला ठामपणे वाटतं.

दख्खनच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. टाकीत आपण सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा पीएच, ५.५ ते ६.५ राखतो. आपल्याकडची चुनखडीयुक्त काळी माती बरेचदा ८ च्या आसपास असते. सामू ६ असताना अमोनियमचा नगण्य भाग, जेमतेम ०.०५ टक्के, अमोनिया वायूच्या रूपात असतो. सामू ८ ला तोच भाग ५ टक्क्यांच्या घरात जातो. हा अमोनिया कोवळ्या मुळांना थेट भाजतो. कोंबडी खत किंवा अर्धवट कुजलेलं शेण अशा मातीत मिसळलं की मुळांची टोकं तपकिरी होतात आणि वर पानं करपतात. निंबोळी पेंडीतले घटक अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात. शेतात तो गुण ठरतो, कारण नत्र वाहून जात नाही. चुनखडीयुक्त मातीच्या कुंडीत मात्र त्यामुळे अमोनियम जास्त दिवस टिकून राहतं. म्हणून मिश्रण भरल्यावर कुंडी ओलसर ठेवून तीन-चार आठवडे तशीच मुरू द्यावी आणि मगच रोप लावावं. मूठभर माती नाकाशी धरून जरा जरी उग्र वास आला, तरी थांबावं.

याच सामूमुळे लोहाचाही घोळ होतो. टाकीत लोह चिलेटच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील अशा बांधलेल्या रूपात मिळत होतं. चुनखडीच्या मातीत लोह भरपूर असूनही विरघळत नाही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसात असं झालं की शेतकरी केवडा म्हणतात. कुंडीत तेच दिसलं की खत कमी पडलं असं वाटून आणखी पेंड पडते आणि चटक्याची तयारी होते. ओळखायची खूण सोपी आहे: नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर वरची नवी.

आता मुळांकडे येऊ. टाकीतली मुळं पांढरी, लांब, गुळगुळीत असतात आणि त्यांच्यावर केशमुळं कमी असतात, कारण अन्न स्वतःहून दाराशी येत होतं. मातीत ओलावा कणांच्या फटींत पातळ थरासारखा असतो आणि तिथवर पोचायला केशमुळं लागतातच. जुन्या मुळांवर ती नव्याने फारशी येत नाहीत, त्यासाठी झाडाला नवी मुळंच फोडावी लागतात. बाटलीतल्या पाण्यात वाढवलेला मनी प्लांट मातीत लावल्यावर आठवडाभर रुसतो, त्याचं कारणही हेच.

मायकोरायझा बुरशीची गोष्ट मला यात सगळ्यात सुंदर वाटते. स्फुरदाची (फॉस्फरसची) चणचण भासली की झाड मुळांवाटे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतं आणि त्यांच्या चाहुलीने बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे येतात. या रसायनांचं हे काम जपानी संशोधकांनी २००५ मध्ये उलगडलं. ही बुरशी झाडाला स्फुरद आणि पाणी पुरवते, बदल्यात साखर घेते. पण टाकीतून आलेलं झाड स्फुरदाने तृप्त असतं, त्यामुळे त्याची हाक क्षीण असते. त्यात कुंडीतही स्फुरद खच्चून भरलं, तर ही भागीदारी जुळतच नाही. महागडी मायकोरायझा पावडर आणि भरपूर हाडांचा चुरा एकाच कुंडीत घालणं म्हणजे पैसे वाया. आणि कोबी, मुळा, पालक यांच्यासाठी ती पावडर आणूच नये, ही झाडं त्या बुरशीशी मुळातच जोडली जात नाहीत.

प्रत्यक्ष बदल करताना पालेभाज्यांची रोपं हलवण्याचा खटाटोप करू नये, मातीत नवं बी टाकावं. टोमॅटो, मिरची, तुळस हलवायची असेल तर आधी चार-पाच दिवस टाकीतलं द्रावण अर्ध्या ताकदीचं करावं आणि शेवटच्या दिवशी नुसतं पाणी द्यावं. कुंडीत दोन भाग माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग वाळू आणि जेमतेम एक भाग जुनं गांडूळ खत एवढंच भरावं. रोप रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या) ठोकळ्यात असेल तर ठोकळा पूर्ण मातीखाली जाऊ द्यावा. तो उघडा राहिला तर वातीसारखं पाणी वर ओढून सुकतो. लावणी संध्याकाळी करावी, आठवडाभर सावलीत ठेवावं, पहिल्या दिवसांत माती जरा जास्त ओलसर ठेवावी आणि मग हळूहळू वाफशावर आणावं. नवी फूट दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, कुठलंही खत देऊ नये. रोप फिकट दिसलं तरी नाही.

खत मुरलं की नाही याची शंका असेल तर बियांना विचारावं. एक वाटी खत पाच वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळावं. एका ताटलीत कागदी रुमालावर मोहरीच्या वीस बिया या पाण्याने भिजवाव्या, दुसऱ्या ताटलीत वीस साध्या पाण्याने. तीन दिवसांनी मोडांची लांबी शेजारी ठेवून पाहावी. खताच्या पाण्यातली मुळं आखूड, टोकाला तपकिरी असतील तर ते खत आणखी महिनाभर ढिगात राहू द्यावं.

हायड्रोपोनिक्समधला ईसी मीटर फेकू नका. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्यावं, तासाभराने वरून कपभर साधं पाणी ओतावं आणि खालून येणारं पहिलं अर्धा कप पाणी तपासावं. नळाच्या पाण्याची ईसी आधी मोजून ठेवावी. आकडा २ च्या खाली असेल तर बहुतेक भाज्यांना चिंता नाही. ४ च्या पुढे गेला तर कुंडीच्या आकारमानाच्या दीडपट-दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. मीटर मात्र विरघळलेले क्षारच मोजतो. पेंडीत अजून अडकलेलं नत्र त्याला दिसत नाही, म्हणून आज आकडा कमी आला तरी दहा दिवसांनी पुन्हा मोजावं. तेव्हा तो पुन्हा चढलेला असेल तर नुसतं धुणं पुरणार नाही. वरचा खताचा थर खरवडून काढावा आणि बारीक चुरलेला वाळका पालापाचोळा किंवा उसाचं पाचट वरच्या मातीत मिसळावं. त्यात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी असतं, त्यामुळे ते कुजवताना सूक्ष्मजीव जादा नत्र स्वतःच्या शरीरात ओढून घेतात आणि मरताना हळूहळू परत देतात.

टाकीबरोबर वापरलेलं जुनं कोकोपीटही असंच तपासून मातीत मिसळता येतं. बादलीत भिजवावं, पिळावं, पाण्याची ईसी १ च्या खाली येईपर्यंत धुवावं. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती मोजत बसू नये. त्यानंतर फुटलेल्या पानांची टोकं पाहावीत.