पार्श्वभूमी: प्रेमचंदांच्या कथा आणि मासिकांच्या जुन्या फायली

प्रेमचंदांच्या कथांची कालक्रमाने यादी करायला बसलेला माणूस पहिल्याच ओळीला अडखळतो. १९३२ साली 'हंस'च्या आत्मकथा विशेषांकात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की आपली पहिली कथा 'दुनिया का सबसे अनमोल रतन', ती १९०७ मध्ये कानपूरच्या 'जमाना' या उर्दू मासिकात आली, आणि पाच कथांचा 'सोजे वतन' हा संग्रह १९०९ मध्ये निघाला. लेखकाच्या हातचं, त्याच्याच मासिकातलं. यापुढे आणखी पुरावा तो कसला मागायचा? पण 'जमाना'च्या १९०७च्या फायली पान न् पान चाळणाऱ्यांना ती कथा मिळाली नाही. 'सोजे वतन'चं साल १९०८ निघालं. त्यातली जी कथा मासिकात खरोखर छापलेली दिसते, ती एप्रिल १९०८च्या अंकातली 'इश्के दुनिया और हुब्बे वतन'. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताना साल इकडचं तिकडे होणारच, त्यात लेखकाचा दोष नाही. दोष आहे तो अंक न उघडता तेच साल पुढे ढकलत राहणाऱ्यांचा, आणि ते काम आजही जोरात चालू आहे.

'सोजे वतन' पुढे सरकारने राजद्रोही ठरवला, हे सर्वांना ठाऊक आहे. दफ्तराच्या दृष्टीने त्यातले दोनच आकडे महत्त्वाचे. त्यांच्याच सांगण्यानुसार हजार प्रती छापल्या होत्या, जेमतेम तीनशे खपल्या होत्या, आणि उरलेल्या सातशे 'जमाना'च्या कचेरीतून मागवून कलेक्टरच्या हवाली केल्या. म्हणजे या लेखकाच्या पहिल्याच कथासंग्रहाच्या प्रती जन्मतःच दुर्मीळ झाल्या. 'नवाबराय' हे त्यांचं तोवरचं टोपणनाव त्याच प्रकरणात अडचणीचं झालं, आणि डिसेंबर १९१०च्या 'जमाना'त 'बडे घर की बेटी' आली ती 'प्रेमचंद' या नव्या नावाने. मधल्या काळातला काही मजकूर वेगळ्याच सहीने गेला. नुसतं लेखकाचं नाव पाहून फायली चाळणाऱ्याच्या हाताला तो लागत नाही. विषय, भाषा आणि संपादकाला गेलेली पत्रं यांचा ताळा घालावा लागतो. त्याआधीची 'असरारे मआबिद' ही कादंबरी तर ८ ऑक्टोबर १९०३पासून बनारसच्या 'आवाजे खल्क' या उर्दू साप्ताहिकात क्रमशः येत होती. ती पुस्तकरूपाने वाचकांपुढे यायला १९६२ साल उजाडलं. कारण एकच: साप्ताहिक कोण जपून ठेवतो?

खरा गुंता १९१५नंतर सुरू होतो. सप्टेंबर १९१५मधल्या एका पत्रात ते 'जमाना'च्या संपादकांना कळवतात की आता हिंदी लिहिण्याचा सराव करतो आहे, उर्दूत निभाव लागणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'सरस्वती' या हिंदी मासिकात 'सौत' आली, पुढच्या जूनमध्ये 'पंच परमेश्वर', आणि १९१७ मध्ये 'सप्तसरोज' हा पहिला हिंदी संग्रह. पण उर्दू सुटली नाहीच. तिथून शेवटपर्यंत एकच कथा दोन लिप्यांत, दोन मासिकांत, कधी दोन नावांनी आणि बऱ्याचदा दोन वेगळ्या शेवटांनी छापली गेली. संग्रहांच्या नावांनी घोळ आणखी वाढवला. 'प्रेम पचीसी' उर्दूतही आहे आणि १९२३चं हिंदी पुस्तकही आहे, आणि दोन्हींतल्या कथा सारख्या नाहीत. ग्रंथालयाच्या कार्डावर नुसतं 'प्रेम पचीसी' लिहिलं असेल तर ते कार्ड काही सांगत नाही असंच समजावं.

'शतरंज के खिलाडी' हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. हिंदी कथा ऑक्टोबर १९२४च्या 'माधुरी'त आली, उर्दू 'शतरंज की बाजी' त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या 'जमाना'त. दोन्हीकडे मिर्झा आणि मीर पटावरून भांडतात आणि तलवारीने एकमेकांना संपवतात. हिंदीत शेवटच्या वाक्यात पडक्या वास्तूच्या मोडक्या कमानी, ढासळलेल्या भिंती आणि धुळीने माखलेले मिनार ती प्रेतं पाहून कपाळ बडवून घेतात. उर्दूत त्याच भिंती आणि मिनार प्रेतांकडे पाहून माणसाच्या आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर हळहळतात, ज्या आयुष्याला दगडविटांइतकंही स्थैर्य नाही. हिंदीतला शेवट आक्रोश करून थांबतो, उर्दूतला चिंतनात शिरतो. यातला 'मूळ' कुठला? तारखेने हिंदी आधीची. पण 'कफन'च्या बाबतीत नेमकं उलट: उर्दूत डिसेंबर १९३५च्या 'जामिया'त, हिंदीत एप्रिल १९३६च्या 'चाँद'मध्ये. म्हणजे 'आधी उर्दू, मग हिंदी' हा सरसकट नियमही टिकत नाही आणि त्याच्या उलटाही नाही. प्रत्येक कथेचे दोन्ही अंक समोर ठेवूनच बोलावं लागतं.

८ ऑक्टोबर १९३६ला ते गेले. 'मानसरोवर' या हिंदी कथासंग्रहाचे पहिले दोन भाग तेवढे त्यांच्या हयातीत निघाले होते. बाकीचे भाग पुढे घरच्याच छापखान्यातून एकेक करत आले आणि आठ भागांचा संच पुरा झाला. दोनशेच्या वर कथा त्यात आहेत आणि हिंदीतल्या दोन-तीन पिढ्यांचा प्रेमचंद म्हणजे हाच संच. रचनेला मात्र कालक्रम नाही. प्रचलित आवृत्त्यांत कथेखाली मासिकाचं नाव नाही, साल नाही. १९१६ची कथा आणि १९३३ची कथा शेजारी बसलेल्या असतात आणि वाचकाला वाटतं, माणूस जन्मभर एकाच ठशात लिहीत होता. टीकाकारांनी 'आदर्शवादाकडून वास्तववादाकडे' म्हणून जो प्रवास रंगवला, त्यातला बराचसा या बिनतारखेच्या भागांवर उभा आहे. या मुद्द्यावर मी तटस्थ राहू शकत नाही.

मग १९६२. त्या एका वर्षात धाकट्या मुलाने, अमृत राय यांनी, जे बाहेर काढलं, तेवढं काम पुढे संस्थांकडूनही एका दमात झालेलं नाही: मोठं चरित्र, पत्रांचे दोन खंड, लेख-टिपणांचे तीन खंड, सुरुवातीच्या कादंबऱ्यांचं एक पुस्तक आणि 'गुप्तधन' या नावाने दोन भागांत छप्पन्न कथा. या छप्पन्न कथा 'मानसरोवर'मध्ये नव्हत्या. काही 'जमाना'च्या फायलींत पडून होत्या, काही उर्दू संग्रहांत, काही हिंदी मासिकांत.

वाद झाला आणि अजून होतो तो त्यातल्या उर्दूतून घेतलेल्या कथांवर. मुलापुढे दोन रस्ते होते. एक, मूळ उर्दू नागरीत जशीच्या तशी उतरवायची आणि अवघड शब्दांचे अर्थ तळाला द्यायचे. दुसरा, कथा हिंदीत आणायची. त्यांनी दुसरा धरला, आणि वडिलांची शैली सांभाळत, ऐकणाऱ्याला शंका येणार नाही इतक्या सफाईने तो पार पाडला. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की लेखक स्वतःही हेच करत होता. उर्दू कथा हिंदीत नेताना तो शब्द बदलायचा, वाक्यं गाळायचा, शेवट फिरवायचा. मग घरातल्याच माणसाने, ती बोली कानात असलेल्याने ते केलं तर बिघडलं कुठे? शिवाय १९६२च्या हिंदी वाचकाला फारसीमिश्रित उर्दू नागरीत दिली असती, तर त्या कथा पुन्हा फायलीतच राहिल्या असत्या.

विरोधकांचं म्हणणं साधं आहे. लेखकाने स्वतःची कथा बदलली तर ती त्याची नवी प्रत. दुसऱ्याने बदलली तर तो अनुवाद, मग तो पोटचा मुलगा का असेना. मला हे पटतं. मुलाने लपवाछपवी केली असं मात्र कुणी म्हणू नये. कथेच्या शेवटी 'जमाना'तून, उर्दू 'प्रेम पचीसी'तून, अशी नोंद त्यांनी ठेवली होती. त्या नोंदींचं पुढच्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांनी कुठे त्या उडवल्या, कुठे अर्थ न कळता तशाच ठेवल्या. आज संगणकावर एखादी कथा वाचता वाचता तळाला नुसतं 'प्रेम पचीसी से' असं दिसतं. हे कोणत्या 'प्रेम पचीसी'बद्दल आहे आणि वर वाचलेली हिंदी कुणाची आहे, हे वाचकाला कोण सांगणार? विद्यार्थी मग त्याच हिंदीतला एखादा शब्द उचलून 'प्रेमचंदांची १९१०च्या सुमाराची हिंदी' असा निष्कर्ष काढतात. त्या सुमाराला ते हिंदीत कथा लिहीतच नव्हते.

याला कायद्याची एक बाजू आहे, ती सहसा कुणी बघत नाही. १९५७च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहत होता, त्यामुळे प्रेमचंदांनी हयातीत छापलेलं सगळं १९८६ संपताच खुलं झालं. पन्नासाची साठ वर्षं झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रवींद्रनाथांचे हक्क संपायच्या बेताला आले तेव्हा. प्रेमचंद तोवर सुटले होते. १९८७पासून रेल्वे स्टेशनच्या स्टॉलपर्यंत त्यांच्या पुस्तकांचा जो पूर आला तो यामुळे. वाचकांची चंगळ झाली, पाठाची वाट लागली. पण 'गुप्तधन'मधली उर्दूतून आणलेली हिंदी अनुवाद म्हणून मोजली, तर अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूपासून मोजावा लागतो. अमृत राय १९९६ मध्ये गेले. म्हणजे २०५६ अखेरपर्यंत. जी कथा सगळे प्रेमचंदांची म्हणून फुकट छापतात, तिचं मूळ खुलं आहे आणि छापलेला पाठ कदाचित नाही. पत्रांचा हिशेब आणखी तिसरा: ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, त्यामुळे साठ वर्षं तिथून धरायची. २०२२ संपलं तेव्हा ती मोकळी झाली.

पत्रांचा उपयोग चरित्रापुरता धरला जातो, पण कथांच्या तारखा लावायला त्यांच्याइतकं कामाचं साधन नाही. 'जमाना'च्या संपादकांनी ती जपून ठेवली म्हणून उरली. कथा पाठवतो आहे, अमुक कथेचे पैसे आले नाहीत, तमुक अंक मिळाला नाही, असल्या रुक्ष ओळींवरून कथेचा महिना ठरतो. पत्रव्यवहार बहुतेक एकतर्फी आहे, संपादकांची उत्तरं अशी सापडत नाहीत. मुंबईच्या सिनेमा कंपनीसाठी ते १९३४च्या मध्यापासून १९३५च्या एप्रिलपर्यंत इथे होते, तेव्हाच्या पत्रांवर दादरच्या सरस्वती सदनाचा पत्ता आहे. आपल्या लेखनाविषयी एका अभ्यासकाच्या प्रश्नांना दिलेलं २६ डिसेंबर १९३४चं सविस्तर उत्तर तिथूनच गेलं. त्याआधी, विसाच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या एका अनुवादकाने त्यांच्या कथा मराठीत आणल्या. त्या कुठल्या पाठावरून आणल्या हे ताडून पाहायला आज जुनं मराठी पुस्तक आणि जुनं हिंदी मासिक दोन्ही एका टेबलावर यायला हवीत. त्या मराठी अनुवादाचा हिंदी अभ्यासकांना उपयोग होईल, कारण तो 'मानसरोवर'च्या आधीच्या छापील पाठावर उभा आहे.

पुढचा भाग थोडक्यात. १९८८ मध्ये दोन खंडांत 'अप्राप्य' साहित्य आलं आणि छप्पन्नांच्या पुढेही बरंच शिल्लक होतं हे उघड झालं. १९९६ मध्ये वीस खंडांची हिंदी रचनावली निघाली. त्यानंतर सरकारी उर्दू संस्थेने चोवीस खंडांत उर्दू कुल्लियात, म्हणजे समग्र साहित्य, काढली, आणि उर्दू बाजू पहिल्यांदाच सलग कपाटात आली. २०१७ मध्ये तीनशे कथांचा चार खंडांचा इंग्रजी अनुवाद झाला. दिल्लीत ज्या विद्यापीठाच्या मासिकात 'कफन' पहिल्यांदा छापली गेली, तिथेच प्रेमचंदांच्या नावाचं संग्रहालय-दफ्तर उभं राहिलं. एवढं होऊनही हिंदी आणि उर्दू पाठ समोरासमोरच्या पानांवर, दोन्हीकडे अंकाचा महिना देऊन मांडण्याचं काम कथा-दोन कथांपुरतंच होतं. दोन भाषांचे दोन विभाग आणि दोन अनुदानं असली की असंच होणार.

स्कॅनिंगने आता अंक घरबसल्या दिसू लागले आहेत. उर्दू मासिकांचे बरेच अंक नेटवर चढले, 'सरस्वती'चेही चढले. अडचण बांधणीची आहे. ग्रंथालयात वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. महिना बहुधा मुखपृष्ठावरच असे. स्कॅन करणारा मग पूर्ण खंडाला एकच नाव देतो, 'जमाना १९१०', आणि डिसेंबरची 'बडे घर की बेटी' त्यात कुठे आहे ते पानं मोजून काढावं लागतं. ज्यांनी मोजून काढलं त्यांनी आपली यादी स्कॅनच्या शेजारी ठेवायला हवी. सध्या अशा याद्या प्रबंधांच्या परिशिष्टांत आहेत, आणि प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत.