एमएसचे रुग्ण ‘दगड’ होतात? नाही!

‘आजार झाल्यापासून ती दगड झालीय. समोरचा रडला तरी हिला काही नाही.’ नौपाड्यात आमच्या वहिनीबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. हा गैरसमज आहे, आणि क्रूर आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पाय, नजर, तोल यांचं बहुतेकांना ठाऊक असतं. पण समोरचा चेहरा वाचायलाही मेंदूच्या अनेक भागांत झटपट निरोप जावे लागतात. आवरण खराब झाल्याने ते अडखळले की काही रुग्णांना राग, भीती, दुःख ओळखणं जड जातं. आनंद त्या मानाने सहज कळतो. सगळ्यांनाच असं होत नाही. आणि चालणं-फिरणं ठीक असलेल्यांनाही हा त्रास असू शकतो, म्हणून तर घरच्यांचा घोटाळा होतो.

मागे तलावपाळीवर बसलो होतो. माझे डोळे भरून आले, वहिनी शांतपणे कणसाचे दाणे सोलत राहिली. ‘वहिनी, मला फार वाईट वाटतंय,’ म्हणालो. तिने कणीस तसंच बाकावर ठेवलं आणि माझा हात घट्ट धरला. ‘अरे, सांगायचं ना!’

तेव्हा मनातलं तोंडाने सांगा. आणि असा बदल जाणवला, तर पुढच्या तपासणीत न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घाला. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याच्या चाचण्या असतात.