दिसणारी पेशी, न दिसणारे निरोप

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा निकाल अनेकांना चक्रावून गेला. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस या आजारात अन्नघटकांच्या अ‍ॅलर्जीमुळे अन्ननलिका सुजते, घास अडकतो, आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात घुसलेल्या दिसतात. बेनरालिझुमॅब हे औषध नेमक्या याच पेशी संपवते. २४ आठवड्यांत सुमारे ८७ टक्के रुग्णांच्या अस्तरातून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. गिळण्याचा त्रास मात्र खोटे औषध घेणाऱ्यांइतकाच राहिला. जिच्यावरून आजाराचे नाव पडले ती पेशी गेली, आजार गेला नाही.

या गोंधळाचे मूळ एका रंगात आहे. १८७९ मध्ये पाउल एर्लिख यांनी रक्तपेशींवर निरनिराळे कृत्रिम रंग टाकून पाहिले, तेव्हा इओसिन या लाल रंगाने काही पेशींतले कण भडकपणे उठून दिसले. तेव्हापासून अ‍ॅलर्जीच्या ऊतींमध्ये सगळ्यात आधी नजरेत भरते ती हीच पेशी. जे डोळ्यांना दिसते त्यालाच गुन्हेगार ठरवण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही चुकलेला नाही.

अ‍ॅलर्जीचे शास्त्र दरम्यान वेगळ्याच वाटेने चालले होते. १९०२ मध्ये पोर्टिए आणि रिशे यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिसचे, म्हणजे अचानक येणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीचे, वर्णन केले. १९२१ मध्ये प्राउसनिट्झ यांनी, माशांची अ‍ॅलर्जी असलेल्या आपल्या सहकाऱ्याचे, क्युस्टनर यांचे, रक्तद्रव्य स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर गांध उठली, म्हणजे अ‍ॅलर्जीचा घटक रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे सिद्ध झाले. तो घटक म्हणजे आयजीई ही अँटीबॉडी, हे कळायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. काही मिनिटांत अंगावर पित्त उठवणाऱ्या अ‍ॅलर्जीचा उलगडा त्यातून झाला. पण पचनमार्गातला हा दाह तसा झटपट नसतो, तो दिवसा-आठवड्यांनी साचत जातो. आयजीई रोखणारे ओमालिझुमॅब इथे फारसे चालले नाही, ते त्यामुळेच.

जठर आणि आतड्यांतल्या इओसिनोफिलची नोंद १९३७ पासून आहे. अन्ननलिकेची गोष्ट मात्र उशिरा सुरू झाली आणि सुरुवातीलाच भरकटली. १९८२ मध्ये अस्तरातल्या या पेशी म्हणजे आम्ल वर येत असल्याची खूण, असे मांडले गेले आणि पुढची दहा-एक वर्षे बहुतेकांनी तेच मानले. १९९३ मध्ये अ‍ॅटवुड आणि सहकाऱ्यांनी गिळायला त्रास होणाऱ्या १२ प्रौढांची नोंद प्रसिद्ध केली. अस्तरात इओसिनोफिल भरपूर, पण आम्लाची मोजणी जवळपास सगळ्यांची सामान्य. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून तसेच वर्णन आले. १९९५ मध्ये आम्लविरोधी उपचारांना दाद न देणाऱ्या १० मुलांना अमेरिकेत फक्त अमिनो आम्लांपासून बनवलेला आहार दिला गेला. आठ मुलांचा त्रास थांबला, दोघांचा कमी झाला. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत निर्णायक पुरावा हाच. अख्खी प्रथिने बंद केल्यावर दाह शमतो, याचा अर्थ कारण आम्लात नसून अन्नात आहे.

पण अन्नापासून पेशीपर्यंत निरोप पोहोचतो कसा? १९८६ मध्ये मोसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, दोन प्रकार दाखवले. त्यांतला दुसरा इंटरल्युकिन-४ आणि ५ हे रासायनिक निरोप सोडतो, आणि पुढे त्या यादीत १३ ची भर पडली. ५ क्रमांकाचा निरोप अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढवतो, म्हणून सुरुवातीची औषधे त्याच्यावर रोखलेली होती. पेशी कमी झाल्या, त्रासाचे तसे झाले नाही.

खरी कलाटणी २००६ ची. सिनसिनाटीत ब्लँचर्ड, रोथेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी बायोप्सीतल्या हजारो जनुकांची पातळी एकदम मोजली. सगळ्यात जास्त चेतलेले निघाले इओटॅक्सिन-३ चे जनुक. हा रेणू इओसिनोफिलना रक्तातून ओढून आणतो, आणि तो तयार करतात खुद्द अस्तराच्या पेशी! इंटरल्युकिन-१३ त्यांच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, आत जेएके एन्झाइमे स्टॅट-६ या प्रथिनाला जागे करतात, ते केंद्रकात जाऊन जनुक चालू करते. हाच निरोप पेशींना जोडून धरणारे डेस्मोग्लिन-१ कमी करतो, अस्तर सैल पडते आणि अन्नातली प्रथिने आणखी आत शिरतात. २०१० मध्ये टीएसएलपी या, अस्तराकडूनच सुटणाऱ्या धोक्याच्या संकेताच्या जनुकाशी आजाराचा संबंध सापडला. २०१४ मध्ये सापडलेले सीएपीएन-१४ हे जनुक तर मुख्यतः अन्ननलिकेतच काम करते. दाह नेमका तिथेच का, याचे निदान अर्धे उत्तर त्यात आहे.

जाता जाता एक गंमत. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी बरे वाटले तर हा आजार नव्हेच, असा नियम बराच काळ होता. मग प्रयोगशाळेत दिसले की त्याच गोळ्यांतले ओमेप्राझोल अन्ननलिकेच्या पेशींत इओटॅक्सिन-३ ची निर्मिती दाबते, आम्लाशी संबंध नसतानाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तो नियम काढून टाकला आणि या गोळ्या उपचारांच्या यादीत आल्या.

डुपिलुमॅब हे औषध इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोन्ही निरोपांचा सामाईक रिसेप्टर अडवते. त्याने पेशीही घटल्या आणि गिळणेही सुधारले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी, तर जानेवारी २०२४ मध्ये किमान १५ किलो वजनाच्या, एक वर्षापुढच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. याउलट जठर आणि लहान आतड्याच्या आजारात इओसिनोफिलवर थेट रोखलेले लिरेंटेलिमॅब हे औषध मोठ्या चाचणीत अडखळले. पेशी घटल्या, लक्षणे नाहीत. तरीही निदान आजही २००७ मध्ये ठरलेल्या आकड्यावरच होते: मोठ्या भिंगाखालच्या एका दृश्यक्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल. त्या मोजता येतात. स्टॅट-६ किती जागे आहे हे नेहमीच्या बायोप्सीत कोणी पाहत नाही.