मक्याची टॉर्टिया का तुटते? उत्तर पानाच्या डब्यात

मेक्सिकन स्वयंपाकाचं कुठलंही पुस्तक उघडा, 'मासा हारिना' नावाचं पीठ लगेच भेटतं. टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी) त्याच्या, तमाले (पानात गुंडाळून वाफवलेले गोळे) त्याच्या. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि परदेशी पुडा मिळालाच तर किंमत वाचून तो गुपचूप जागेवर ठेवला जातो. मग पर्यायांच्या याद्या धुंडाळल्या जातात आणि त्यांत हटकून एक ओळ सापडते: मासा हारिना नसेल तर मक्याचं पीठ वापरा.

ही ओळ साफ चूक आहे. दोन्ही मक्याची, एवढंच काय ते साम्य. साधं मक्याचं पीठ भिजवून टॉर्टिया थापायला घेतली की कडा चिरतात आणि तव्यापर्यंत पोचताना तिचे तुकडे होतात. (कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी पावडर तर नुसता स्टार्च. ती सूप दाट करायला राहू द्या.)

यातलं अर्धं दुखणं भाकरी करणाऱ्यांना ठाऊक आहे. गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लुटेन ज्वारीत नाही, मक्यातही नाही. म्हणून पिठाची विरी गेली की आपण उकळतं पाणी घालून उकड काढतो. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. तो चिकटपणा गोळा धरून ठेवतो. मक्याच्या पिठाची उकड काढली तर भाकरी नक्की होते. पण ती दुमडून, आत उसळ भरून, हातात धरून खाऊन बघा. टॉर्टिया हे सहज करते, कारण तिच्या पिठावर दळण्याआधीच एक रासायनिक प्रक्रिया झालेली असते.

मेक्सिकोत मका कोरडा दळत नाहीत. अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. शिजलेला दाणा म्हणजे निक्स्तमाल, वाटलेला गोळा म्हणजे मासा, आणि तो वाळवून केलेलं पीठ म्हणजे मासा हारिना. कारखान्यात असं पीठ करून विकणारी मेक्सिकोतली मोठी कंपनी १९४९ साली सुरू झाली. मूळ कृती मात्र हजारो वर्षांची आहे. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर तिच्या खुणा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. उत्तर अमेरिकेतल्या होपींसारख्या आदिवासी जमाती चुन्याऐवजी लाकडाची किंवा झुडपांची राख वापरत. चुन्यासारखी तीही अल्कलीच, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची.

आता माझा आवडता भाग. इथे थोडं रसायनशास्त्र सोसावं लागेल.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पाण्यात तो फार कमी विरघळतो, लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम, आणि गंमत म्हणजे पाणी तापवलं तर आणखी कमी. तरी तेवढ्याने पाण्याचा पीएच १२च्या वर जातो. इतकं अल्कधर्मी पाणी एक काम फार नेमाने करतं: एस्टर बंध तोडणं. आम्ल आणि अल्कोहोल जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडून जो बंध तयार होतो तो एस्टर. अल्कली त्यावर पडली की जोडी सुटते. तेलाचा साबण होतो तो याच क्रियेने. मक्याच्या दाण्यात असे बंध जागोजागी आहेत.

पहिले टरफलात. टरफलातल्या हेमिसेल्युलोजच्या लांब साखळ्यांना फेरुलिक आम्लाचे रेणू एस्टर बंधांनी चिकटलेले असतात, आणि शेजारशेजारच्या साखळ्यांवरचे हे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पूल बनतात. म्हणून टरफल पाण्याला दाद देत नाही. चुन्याने पुलांची टोकं सुटतात आणि टरफल बुळबुळीत होऊन निघून येतं. त्यातला काही भाग विरघळून डिंकासारखा दाण्याला लागून राहतो, तोच पुढे गोळा बांधायला मदत करतो. दुसरे बंध तेलात. अंकुरातल्या तेलाचा किंचित भाग फुटून पाणी आणि तेल यांना जोडणारे रेणू तयार होतात. त्यात स्टार्च अर्धवट फुगलेला असतो आणि वर कॅल्शियमही आलेलं असतं. कोहळ्याच्या पेठ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवल्यावर पाकात विरघळत नाहीत, कारण कॅल्शियम फळाच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींत बांधतं. मक्याच्या दाण्यातही ते असंच बांधकाम करतं.

सोडा किंवा पापडखार घालून हे साधेल का? खाण्याच्या सोड्याचा पीएच आठच्या आसपास, म्हणजे फारच मवाळ. पापडखार जास्त कडक असतो, तो टरफल सैल करेल. पण दोन्हींत सोडियम आहे, कॅल्शियम नाही.

तिसरा एस्टर बंध इतिहासात गाजला. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी कर्बोदकांना एस्टर बंधाने बांधलेलं असतं आणि आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. चुना सोडवतो. कोलंबसानंतर मका युरोपात आला, चुन्याची कृती मात्र मागे राहिली. मग निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होऊ लागला: उन्हाने कातडी काळवंडून सोलणं, जुलाब, भ्रम, शेवटी मृत्यू. स्पेनच्या गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये तो ओळखला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तो साथीसारखा पसरला. हा संसर्ग नसून आहारातली कमतरता आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून सांगत होते, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी ती कमतरता नायसिनची असल्याचं दाखवलं. दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसे. १९६०च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला. म्हणून भाकरी सोडायचं कारण नाही. सोबत पिठलं, डाळ, ताक असलं की प्रश्न उरत नाही.

चौथा बंध बुरशीच्या विषात, अफ्लाटॉक्सिनमध्ये. त्यातलं लॅक्टोन वलय म्हणजे वर्तुळात वाकलेला एस्टरच. अल्कलीत ते उघडतं. पण आम्लात ते पुन्हा मिटू शकतं, आणि आपल्या पोटात आम्लच आहे. तेव्हा बुरसलेला मका चुन्याने शुद्ध होईल या भरवशावर राहू नका, तो फेकून द्या.

एवढं वाचून कुणी चुन्याचं पाणी पिऊ लागण्याआधी सांगतो. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ला की डझनावारी आजार पळतात, असे निरोप फोनवर सतत फिरत असतात. अल्कधर्मी पाण्याची महागडी यंत्रंही तशीच विकली जातात. जठरातलं आम्ल त्या अल्कलीपणाचा निकाल लावतं. मक्यावर चुना पोटात जाण्याआधी काम करतो, पातेल्यात, तासन्‌तास, आणि मग धुऊन टाकला जातो.

कृती अशी. दुकानातला खाण्याचा सुका मका घ्या. पेरणीचं बियाणं नको, त्याला औषध लावलेलं असतं. स्वीटकॉर्नही नको. एक किलो मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम कोरडा चुना. पानाचा ओला चुना असेल तर साधारण दुप्पट, मात्र बिनवासाचा. जादा झाला तरी न विरघळता तळाशी बसतो. भिंतीचा चुना चालत नाही, आणि कळीचा चुना तर पाणी लागताच उकळतो. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, अल्कली ते खाते; स्टीलचं घ्या. चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यांना इजा झालेली मुलं नेत्रतज्ज्ञांकडे येत असतात, म्हणून मुलांना लांब ठेवा. अर्धा-पाऊण तास मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी टरफलं चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा.

खरी अडचण वाटताना येते. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि गोळा सैल होतो. मग थोडं साधं मक्याचं पीठ मिसळून आवरावं लागतं. मेक्सिकोतला पारंपरिक दगडी पाटा, मेताते, बेसाल्टचा, आपला दख्खनचा पाटाही बेसाल्टचा. घरात पाटा-वरवंटा उरला असेल तर तो खाली काढा.

ज्वारीवरही हे होतं. होंडुरास आणि एल साल्वादोरमधले लहान शेतकरी मका कमी पडला की ज्वारी चुन्यात शिजवून टॉर्टिया करतात. ज्वारीच्या दाण्याला चुना कमी लागतो आणि उकळही थोडीच पुरते. रंग मात्र हिरवट-करडा येतो, कारण तिच्या सालीतली फेनॉल्स अल्कलीत काळवंडतात. मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीवर करायचं तर निम्म्या चुन्यापासून सुरुवात करावी.