दवाखान्यात 'मनाचा कागद' हाती आला तर

शुगर, बीपी किंवा टीबीच्या तपासणीला गेलात आणि नर्सताईंनी नऊ प्रश्नांचा कागद हाती दिला, तर दचकू नका. आपल्याकडे फॉर्म म्हटला की सातबारा, पासबुक, आधारच्या झेरॉक्स आल्याच. इथे त्यातलं काही जोडायचं नाही. डिप्रेशनची पहिली चाळणी करणारी ही प्रश्नावली, नाव पीएचक्यू-९. (कोणत्याही अनुदानाला जोडायचा दाखला मात्र हा नव्हे.)

अठरा वर्षांवरचा कोणीही रुग्ण ती भरू शकतो, ओपीडीतला असो की वॉर्डातला. नाही म्हणायची मुभा आहे. बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली असते, ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते.

सोबत केस पेपर, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं ठेवा. पाकिटं का? स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मन बिघडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि तपासणी मोफत आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वेगळ्या खात्याचं, तिथे खिडकीवर विचारून घ्या.

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. नऊ प्रश्नांची बेरीज जास्तीत जास्त २७. प्रश्न फक्त गेल्या दोन आठवड्यांचे असतात. तारखा आठवत नसतील तर मागचे दोन बाजार धरा. लोक नेमके इथेच चुकतात, बोंडअळीच्या वर्षापासूनचं सगळं दुःख मोजायला बसतात.

दुसरी चूक घरच्यांची. बाकड्यावर म्हातारा कास्तकार बसलेला, पेन पोराच्या हातात. "बाबाले काही नाही जी, लिहा शून्य." बाबा खाली मान घालून टोपीची घडी करत राहतात. अशा कागदाचा उपयोग काय? ज्याचं मन, त्याचंच उत्तर. वाचता येत नसेल तर नर्सताईंना प्रश्न वाचून दाखवायला सांगा, आणि घरच्यांना तेवढा वेळ चहाला पाठवा.

बेरीज ५ ते ९ आली तर सौम्य लक्षणं, १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी नीट बोलणं हवं, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. पण आकडा म्हणजे निदान नव्हे. झोप, भूक, थकवा हे प्रश्न रक्त कमी असलेल्याला किंवा थायरॉइडवाल्यालाही लागू पडतात, म्हणून डॉक्टर आधी तेही तपासतात.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बाकी बेरीज कितीही कमी असो, तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जायचं नाही. रात्री-अपरात्री असा विचार आला तर १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानसची ही सेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

गावात बोभाटा होईल ही भीती खरी आहे. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. आशाताई तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म भरतात, त्यातही मनाचे दोन प्रश्न असतात. तेही टाळू नका.

मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याला रोज नसतात. कोणत्या वारी येतात ते खिडकीवर विचारा आणि परतीच्या एसटीची वेळ पाहूनच निघा. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडू नका. पुढच्या खेपेला तोच कागद पुन्हा भरून घेतील, म्हणून पहिली बेरीज केस पेपरावर लिहून घ्या.