साबात्ये आणि निकेलची भुकटी

अभिक्रियेचा वेग वाढवायचा आणि शेवटी स्वतः जसंच्या तसं उरायचं, ही उत्प्रेरकाची व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. त्यातून एक समज मनात घर करतो, की उत्प्रेरक नुसता हजर असतो, अभिक्रियेत पडत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांना हे कधीच पटलं नाही.

1854 साली कार्कासोनला जन्म, 1880 मध्ये पॅरिसला रसायनशास्त्रज्ञ बर्तलो यांच्याकडे डॉक्टरेट, 1884 पासून फ्रान्समधल्याच तुलूझ शहरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. 1907 मध्ये पॅरिसहून बोलावणं आलं, तरी ते तुलूझ सोडून गेले नाहीत.

खरी गोष्ट सुरू होते निकेलपासून. निकेल कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं जाऊन वायुरूप होऊ शकणारं संयुग बनवतं, हे 1890 मध्ये लुडविग माँड यांच्या कामातून कळलं होतं. मग निकेल इतर असंपृक्त वायूंनाही (म्हणजे आणखी अणू जोडून घेऊ शकणाऱ्या वायूंनाही) असंच धरेल का, हा प्रश्न साबात्ये यांना छळू लागला. तेवढ्यात म्वासाँ आणि मूरो या रसायनशास्त्रज्ञांनी निकेलवरून ॲसिटिलीन सोडून पाहिल्याचं कळलं. धातू तापून लाल झाला, काजळी धरली. ही निकेलच्या सच्छिद्रपणाची करामत समजून त्यांनी विषय तिथेच सोडला. त्यांना हे काम पुढे न्यायचं नाही, याची साबात्ये यांनी आधी खात्री करून घेतली. मग सहकारी सँदेरँस यांच्यासह तोच प्रयोग इथिलीनवर केला. ऑक्साइडपासून नुकतंच मिळवलेलं निकेल, तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास. निकेल काजळलंच, पण बाहेर आलेला वायू तपासला तर त्यात मुख्यतः इथेन, म्हणजे इथिलीनला हायड्रोजन जोडला की होणारा वायू! इथिलीनला कुठून तरी हायड्रोजन मिळाला होता. 1897 मध्ये त्यांनी इथिलीनबरोबर हायड्रोजनच सोडला आणि इथेन सहज तयार झालं. पुढे बेंझीनपासून सायक्लोहेक्झेन मिळालं, 1902 मध्ये कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन. गंधकाचा किंचित अंश जरी आला तरी निकेल निकामी होई, म्हणून वायू अतिशय शुद्ध लागत.

साबात्ये यांच्या मते निकेल आधी हायड्रोजनशी तात्पुरतं संयुग करतं आणि मग तो हायड्रोजन पुढच्या रेणूच्या हवाली करतं. हे संयुग चटकन बनायला हवं, पण मोडायलाही तितकंच सोपं हवं. पकड सैल असेल तर काम सुरूच होत नाही, घट्ट असेल तर उत्प्रेरक अडकून पडतो. माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा ठेवा हाच, आणि तो आजही साबात्ये तत्त्व म्हणून शिकवला जातो.

1912 चं रसायनशास्त्राचं नोबेल साबात्ये आणि दुसरे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ग्रिन्यार यांना विभागून मिळालं. सँदेरँस हे धर्मगुरू होते आणि सुरुवातीचे बहुतेक शोधनिबंध दोघांच्या नावावर आहेत. तरी नोबेलमध्ये त्यांचं नाव नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

ते तात्पुरतं संयुग साबात्ये यांना कधी वेगळं काढून दाखवता आलं नाही. हायड्रोजनचा रेणू निकेलच्या पृष्ठभागावर फुटतो आणि त्याचे सुटे अणू धातूला चिकटून बसतात, हे पुढे पृष्ठभागांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. त्यांना वाटत होतं तसं ते ठरावीक सूत्राचं संयुग नव्हतं, पण निकेल अभिक्रियेत उतरतं ही त्यांची मूळ गोष्ट खरी निघाली.