कोअर किती, ते आधी ठरवा

2008 साली बीजिंगला झालेल्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत ‘रिब्का’ हे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) 40 कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांवर खेळलं आणि जिंकलं. पुढच्या वर्षी पॅम्प्लोनाच्या स्पर्धेला आयोजक संघटनेने, आयसीजीएने, मर्यादा घातली: 8 पेक्षा जास्त कोअर कुणालाच चालणार नाहीत. बरीच वादावादी झाली आणि जिंकलं पुन्हा रिब्काच. (ही जेतेपदं संघटनेने 2011 मध्ये काढून घेतली, पण ते प्रकरण उचललेल्या कोडचं होतं, हार्डवेअरचं नव्हे.) 2010 पासून दोन वाटा झाल्या. एका स्पर्धेत हार्डवेअर खुलं असायचं, दुसरीत सगळे एकसारख्या यंत्रांवर खेळायचे.

मर्यादा घालण्यात गैर काहीच नाही. रत्नागिरीच्या किंवा कुडाळच्या कॉलेजातल्या मुलीने साध्या लॅपटॉपवर इंजिन लिहिलं असेल, तर तिला 64 कोअरच्या सर्व्हरसमोर बसवून तिच्या कोडबद्दल काहीच कळणार नाही. वेग दुप्पट झाला की ताकद 50 ते 70 एलो गुणांनी (बुद्धिबळातली ताकद मोजायचं माप) वाढते, असा जुना ढोबळ आडाखा आहे. लांब वेळेच्या डावांत ही वाढ कमी होत जाते. तेव्हा मर्यादा जरूर असावी. नुकसान होतं ते मर्यादा ऐनवेळी बदलली की. शिडाची होडी तयार करून घ्यायची आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी ‘फक्त वल्ह्यांनी’ असं जाहीर करायचं, तसा हा प्रकार.

कारण इंजिन यंत्र बघून घडवलेलं असतं. समजा, नियम ‘1 कोअर’ होता आणि दहा दिवस आधी तो ‘8 कोअर’ झाला. आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे शोध, एकाच हॅश टेबलवर (तपासलेल्या स्थितींची मेमरीतली नोंदवही) काम करतात, बऱ्याचदा त्याच त्या स्थिती पुन्हा तपासतात, त्यामुळे वेग आठपट झाला तरी ताकद त्या मानाने वाढत नाही. एका थ्रेडवर कधीही न दिसलेले बग इथे डोकं वर काढतात: दोन थ्रेड एकाच वेळी एकाच नोंदीत लिहितात आणि इंजिन भलतीच, कधी नियमबाह्यसुद्धा, चाल खेळतं. हे शोधायला डाव खेळवून बघावे लागतात, आणि इथे हिशेब आडवा येतो.

दोन आवृत्त्यांमध्ये 1000 डाव खेळवले आणि निम्मे बरोबरीत सुटले, तर निकालातली अनिश्चितता साधारण ±15 एलो राहते. ती ±5 वर आणायची तर नऊपट, म्हणजे 9000 डाव हवेत. एक डाव 10 मिनिटांचा धरला तर 90,000 मिनिटं, म्हणजे साडेबासष्ट दिवस. एका कोअरचं इंजिन तपासताना 8 कोअरच्या यंत्रावर आठ डाव एकदम चालवता येतात (प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं बंद ठेवून), म्हणून आठ दिवसांत भागतं. आठही कोअर एकाच डावाला लागणार असतील तर एका वेळी एकच डाव, आणि पुन्हा दोन महिने. दहा दिवस आधी नियम बदलणारा आयोजक सगळ्यांना न तपासलेलं इंजिन आणायला लावतो. त्यात ज्याच्याकडे जास्त यंत्रं तोच तरतो, म्हणजे मर्यादेचा हेतूच बाद.

‘8 कोअर’ हे शब्दही पुरत नाहीत. इंटेलच्या आय5-1240पी या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये कोअर 12 आहेत, पण 4 वेगवान आणि 8 वीज वाचवणारे, थ्रेड 16. यातले आठ कुठले? एव्हीएक्स2 या प्रोसेसरच्या खास वेगवान सूचनांसाठी कंपाइल केलेलं इंजिन त्या सूचना नसलेल्या जुन्या यंत्रावर सुरूच होत नाही. बीएमआय2 या दुसऱ्या सूचनासंचासाठीची आवृत्ती इंटेलवर छान पळते, पण एएमडीच्या पहिल्या दोन झेन पिढ्यांवर तिची एक सूचना इतकी संथ आहे की साधी एव्हीएक्स2 आवृत्ती बरी. एंडगेम टेबलबेसचंही, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांचंही, तसंच. सिझिजी या टेबलबेसचे पाच मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते 1 जीबीच्या आत बसतात, सहाचे दीडशे जीबीच्या आसपास, सातचे 18 टीबीच्या वर. सहाचे तक्ते एसएसडीऐवजी फिरत्या डिस्कवर ठेवले तर शोधाशोधीत वेळ जातो आणि जिंकलेला डाव घड्याळावर हरता येतो.

मेमरी विसरली की काय होतं, ते 2017 मध्ये जगाने पाहिलं. डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकलेल्या प्रोग्रामने स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाला 100 डावांत 28 विजय आणि 72 बरोबऱ्या असं हरवलं, पण स्टॉकफिशला 64 थ्रेड देऊन हॅश (हॅश टेबलची मेमरी) फक्त 1 जीबी दिलेला होता. सेकंदाला 7 कोटी स्थिती तपासणाऱ्या इंजिनाला एका चालीच्या मिनिटभरात तो तोकडाच. त्यावर टीका झाली; 2018 च्या शोधनिबंधातल्या सामन्यात हॅश 32 जीबी होता. अल्फाझीरो तरीही जिंकला, आणि या वेळी निकाल पटण्याजोगा होता.

आपल्या किनारपट्टीवर अशी स्पर्धा भरवायची तर आणखी एक गोष्ट नियमात हवी: खोली. वीस लॅपटॉप प्रत्येकी 60 वॅट ओढत असतील तर 1.2 किलोवॅट, तीस माणसांचे साधारण 3 किलोवॅट, मिळून 4.2. एक टनाचा एसी सुमारे 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यातला तापलेला स्लॅब अजून धरलेलाच नाही. खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश चिपही तापते, आणि कमाल तापमानाला टेकली की स्वतःहून वेग उतरवते. खाऱ्या दमट हवेत पंख्याच्या जाळीत धूळ चिकटून बसते, मग हे आणखी लवकर होतं. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बहुतेक मॉडेलं तिथेही वेग कमी करतात. म्हणून यूपीएस हवा, लॅपटॉपलाही.

मोजायचं कसं? स्टॉकफिशमध्ये ‘बेंच’ हा आदेश दिला की सेकंदाला किती स्थिती तपासल्या तो आकडा मिळतो. यंत्र थंड असताना एकदा आणि सगळी यंत्रं अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पुन्हा घ्यावा. नियमात दुसरा आकडा धरावा. यंत्र स्पर्धेच्या मधेच बंद पडलं तर बदली यंत्राचा आकडा त्याच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर असावा, एवढी एक ओळ नोंदणीच्या पत्रकातच छापलेली असली, तर तिसऱ्या फेरीला पंचांच्या टेबलाशी हुज्जत घालायची वेळ येत नाही.